नाट्यशास्त्राचं पहिलं वर्ष: काळे कपडे, पेन्सिल आणि एक चुकलेला क्यू

प्रवेश परीक्षेत केलेलं स्वगत मला आजही तोंडपाठ आहे. त्यानंतरची दोन वर्षं मात्र महाविद्यालयाच्या एकाही नाटकात माझ्या वाट्याला वाक्य आलं नाही. नाट्यशास्त्राला जाऊ का, असं विचारणाऱ्यांना मी आधी हे सांगते, कारण त्यांचा पुढचा प्रश्न हमखास असतो, "किती नाटकांत काम मिळतं?" काम भरपूर मिळतं. फक्त ते तुमच्या डोक्यात असतं तेच काम असेल असं नाही.

आधी प्रवेशाचं बघू. बहुतेक ठिकाणी दोन स्वगतं तयार करायला सांगतात, एक जुन्या वळणाचं किंवा पद्यातलं आणि एक आजच्या भाषेतलं. वेळ दोन-तीन मिनिटांचा. आपल्या वयाच्या आसपासचं पात्र निवडा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रडारड असलेला उतारा टाळा, कारण तिथून पुढे जायला जागाच उरत नाही. परीक्षक मध्येच थांबवतात, तेव्हा घाबरू नका. मला थांबवून सांगितलं, "हेच आता शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय असं समजून कर." पाठ केलेलं मोडून नवं काही करता येतं का, हे त्यांना बघायचं असतं. तेवढं मी निभावलं. पुढच्या प्रश्नाला मात्र तोंडावर आपटले. "हे बोलायच्या आधी हिला कोण काय म्हणालं?" मी उतारा एका संग्रहातून उचलला होता, पूर्ण नाटक वाचलंच नव्हतं. गप्प बसले. तरी प्रवेश कसा मिळाला, देव जाणे. तुम्ही नाटक पूर्ण वाचून जा.

वेळापत्रक थोडक्यात सांगायचं तर सकाळी शरीर आणि आवाज, दुपारी सिद्धान्त आणि इतिहास, संध्याकाळी तालीम. तालीम रात्री कधी संपेल ते कुणी सांगत नाही. सैल काळे कपडे, हालचालीच्या वर्गाला अनवाणी पाय, अंगावर दागिना नाही, केस बांधलेले. पहिल्या आठवड्यात हे सगळं लष्करी वाटतं. तुम्ही दहा मिनिटं उशिरा आलात की बाराजणांची दहा-दहा मिनिटं जातात, हे एकदा कळलं की वाटेनासं होतं.

पहिल्या सत्रात नाटकाची यादी फळ्यावर लागली. भूमिकांमध्ये मी माझं नाव तीनदा शोधलं. ते खाली होतं, साहाय्यक स्टेज मॅनेजर म्हणून. स्वच्छतागृहात जाऊन रडून आले आणि मग माझ्या हातात एक जाड फाइल देण्यात आली.

या फाइलला प्रॉम्प्ट बुक म्हणतात. एका बाजूला संहितेचं पान, समोर कोरं पान. कोऱ्या पानावर कोण कुठून आलं, कोणत्या शब्दावर उठलं, कुठे थांबलं ते लिहायचं. संहितेच्या समासात प्रकाशाचे आणि आवाजाचे क्यू, म्हणजे दिवा किंवा आवाज नेमका कधी बदलायचा ते इशारे, क्रमांक घालून. सगळं पेन्सिलने, कारण तालमीत आज ठरलेलं उद्या बदलतं. मी पहिल्या दिवशी हौसेने निळ्या शाईत लिहिलं आणि चौथ्या दिवशी ती पानं फाडून नव्याने केली.

उजवं-डावं नटाच्या बाजूने मोजायचं, प्रेक्षकांच्या नाही. प्रेक्षकांपासून लांबच्या भागाला अपस्टेज का म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. युरोपातल्या जुन्या रंगमंचांना मागे चढ असायचा, म्हणजे मागे जाणारा नट खरोखरच वर जायचा. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावून खुर्च्या-टेबलांच्या जागा ठरवायच्या आणि अंधारात दिसाव्यात म्हणून काही ठिकाणी चमकणारी पट्टी. प्रयोगाच्या आधी या खुणा गुडघ्यांवर बसून तपासायचं काम माझं.

आता चुकलेला क्यू. हेडसेटवरची भाषा ठरलेली असते. आधी "स्टँडबाय", म्हणजे तयार राहा, त्यावर समोरच्याचं उत्तर, मग नेमक्या क्षणी "गो". हा शेवटचा शब्द दुसऱ्या कशासाठीही उच्चारायचा नसतो, हे मला बजावलेलं होतं. तिसऱ्या प्रयोगाला पहिल्यांदा क्यू द्यायची जबाबदारी माझ्यावर आली. काळोखाच्या क्यूचा स्टँडबाय मी दिला होता आणि शेजारच्या मैत्रिणीला कुजबुजत विचारलं, "मी गो कधी म्हणू, वाक्यानंतर ना?" माइक चालू होता. दिवे गेले. नायिका वाक्याच्या मध्यावर होती. ती थांबली नाही. मिट्ट अंधारात तिने उरलेलं वाक्य इतक्या शांतपणे पूर्ण केलं की प्रेक्षकांना तो दिग्दर्शनाचाच भाग वाटला. मला मात्र घाम फुटला होता. प्रयोगानंतर अहवाल लिहायचा असतो: सुरू किती वाजता झाला, संपला कधी, काय चुकलं. स्वतःचीच चूक वेळेसकट लिहिताना हात जड झाला होता. पण कुणी ओरडलं नाही. अहवाल वाचून मॅनेजर एवढंच म्हणाला, "उद्या माइकचं बटण बघ."

या फाइलमुळे मला अभिनय कळायला लागला, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. सहा आठवडे रोज तेच नाटक बघताना आणि प्रत्येक पाऊल लिहून काढताना एक गोष्ट लक्षात आली. आमच्यातला एक नट 'पत्र' या शब्दावर खिडकीकडे वळायचा. ज्या दिवशी तो समोरच्याचं खरंच ऐकत असायचा, त्या दिवशी वळणं शब्दाबरोबर यायचं. ज्या दिवशी फक्त आठवून करत असायचा, त्या दिवशी ते किंचित उशिरा. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण प्रसंग पातळ झाल्याचं जाणवेल. भूमिका मिळाली असती तर मी माझ्याच वाक्यांची वाट बघत उभी राहिले असते आणि हे मला दिसलंच नसतं.

दुपारच्या सिद्धान्ताच्या तासांना बरेचजण झोपतात. मीही झोपले आहे. पण तेव्हा मी पडद्यामागे असल्यामुळे रुसलेली होते आणि त्या रुसव्यात दोन जुन्या ग्रंथकारांपैकी एक एकदम लांबचा आणि एक एकदम जवळचा वाटला. ॲरिस्टॉटल शोकांतिकेचे सहा घटक सांगतो आणि त्यात दृश्याला, म्हणजे जे डोळ्यांना दिसतं त्याला, कलेच्या दृष्टीने सर्वात खालचं स्थान देतो. प्रयोग आणि नट नसले तरी शोकांतिकेचा परिणाम होतो, असं त्याचं म्हणणं. मला भयंकर राग आला होता. याउलट भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत: आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. वेश, रंगभूषा, अलंकार, रंगमंचावरच्या वस्तू हे सगळं आहार्य, आणि तोही अभिनयच. कपडेपट सांभाळणाऱ्या आम्हा तिघींनी त्या दिवशी एकमेकींकडे फार अर्थपूर्ण बघितलं.

त्याच ग्रंथात नाट्यगृहाच्या बांधणीवरही अध्याय आहे. मध्यम आकाराचं, 64 हात लांब आणि 32 हात रुंद नाट्यगृह बरं, कारण फार मोठ्या जागेत शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. आवाजाच्या वर्गाला जाताना हे आठवायचं. तिथे पहिले कित्येक दिवस नुसतं जमिनीवर पाठ टेकून श्वास घ्यायला लावतात, आणि आपण शुल्क भरून झोपायला आलोय की काय असं वाटतं. धीर धरा. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर नावाचा एक ऑस्ट्रेलियन नट होता. काव्यवाचन करताना त्याचा आवाज बसायचा. त्याने आरसे लावून स्वतःला तासन्‌तास न्याहाळलं, तेव्हा कळलं की बोलायला सुरुवात करतानाच तो डोकं मागे खेचून मान आखडून घेतो. दोष घशात नव्हता, सवयीत होता. त्याचं तंत्र आज नाट्यशाळांमध्ये शिकवतात. माझी सवय खांदे वर उचलायची होती, ती जायला वर्ष लागलं. घसा दुखत असेल तर ओरडून तालीम करू नका. आणि कुजबुजूनही घशाला विश्रांती मिळत नाही, गप्प बसल्याने मिळते.

अभिनयाची पद्धत घडवणारा रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की, त्याच्याबद्दल एक इशारा. पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये एक साथ येते, भूमिकेसाठी स्वतःच्या आयुष्यातलं दुःख उकरून काढायची. कुणी आजोबांचा मृत्यू आठवतं, कुणी प्रेमभंग. आमच्या वर्गात एकजण असाच तालमीत कोसळला आणि सगळ्यांना तो महान क्षण वाटला. दुसऱ्या दिवशी त्याला तेच पुन्हा करता आलं नाही, वर दोन दिवस ताप. भावनिक स्मृतीवर स्तानिस्लावस्कीने आधी काम केलं हे खरं, पण उतारवयात त्याचा भर शारीरिक कृतींवर होता. अमेरिकन अभिनेत्री स्टेला ॲडलर 1934 साली पॅरिसला त्याला भेटली, त्याच्याजवळ काही आठवडे काम केलं आणि परत जाऊन आपल्या मंडळींना सांगितलं की तुम्ही जुन्या स्मृतींना फार धरून बसला आहात, कल्पना आणि नाटकातली परिस्थिती यांवर काम करा. त्यावरून त्या मंडळींना अभिनय शिकवणाऱ्या ली स्ट्रासबर्गशी तिचं जे बिनसलं ते बिनसलंच. एकाच माणसाच्या नावाने दोन वेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात, हे माहीत असलं की शिक्षकाला प्रश्न विचारता येतो.

माझा स्तानिस्लावस्कीवर जीव बसला तो वेगळ्याच कारणाने. रशियन नाटककार चेखवचं 'सीगल' 1896 मध्ये पीटर्सबर्गला साफ पडलं होतं. 1898 मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने ते पुन्हा केलं आणि उचलून धरलं गेलं. त्या प्रयोगासाठी स्तानिस्लावस्कीने लिहिलेला आराखडा उपलब्ध आहे. कोण कुठे जातं, कुठे थांबतं, त्याच्या आकृत्या, कुत्र्याचं भुंकणं, बेडकांचं डराँव, सगळं नोंदलेलं. ग्रंथालयात तो उघडला आणि वाटलं, अरे, ही तर माझीच फाइल!

मुखवट्याचा वर्ग ऐच्छिक असेल तरी घ्या. फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉकच्या पॅरिसच्या शाळेमुळे प्रसिद्ध झालेला तटस्थ मुखवटा, ज्यावर कोणताच भाव नसतो, तो चढवून नुसतं झोपेतून उठायचं. चेहरा झाकला की तुमचे हात किती खोटं बोलतात ते सगळ्यांना दिसतं. दुसरं काही लिहीत नाही, करून बघा.

सुरक्षेचा तास कंटाळवाणा म्हणून बुडवू नका. 30 डिसेंबर 1903 ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दिव्याच्या ठिणगीने पडद्याने पेट घेतला. आगीपासून वाचवणारा पडदा खाली येताना अडकला, बाहेर पडायच्या दारांपैकी बरीच बंद होती किंवा उघडता येत नव्हती. 600 हून अधिक माणसं गेली. हे ऐकल्यापासून कुठल्याही नाट्यगृहात शिरले की मी आधी दारं मोजते. वायर पसरलेली असेल तर पट्टी लावा, शिडीवर कुणी असेल तर खाली एकाने उभं राहायचंच.

आणखी एक, जे प्रवेशाच्या माहितीपत्रकात नसतं. कलेच्या नावाखाली अपमान करणारा शिक्षक भेटू शकतो. मला भेटला होता. सगळ्यांसमोर रडवलं की नट तयार होतो, अशी त्याची समजूत. चुका दाखवणं वेगळं आणि माणूस तोडणं वेगळं, हा फरक अठराव्या वर्षी कळत नाही, म्हणून आता सांगते. स्पर्शाचे, जवळिकीचे, मारामारीचे प्रसंग आधी पावलं ठरवून, दोघांच्या संमतीने बसवायचे असतात. "मला हे नको" म्हणणारा नट कमी दर्जाचा ठरत नाही.

पुढे काय, हा घरच्यांचा प्रश्न. खोटं कशाला सांगू, अभिनयावर नियमित पोट भरणारे आमच्या वर्गात थोडेच. एक प्रकाशयोजना करतो आणि आमच्यात सर्वात व्यग्र तोच. दोघी शाळेत नाटक शिकवतात, एकजण डबिंगमध्ये, एक वेगळ्याच धंद्यात गेला आणि सुखात आहे. अभिनयासोबत एक तांत्रिक काम हाताला पक्कं लावून घ्या: दिवे, ध्वनी, रंगभूषा, शिवण, काहीही. नट शेकडो उभे असतात, वेळेवर येणारा आणि वायर नीट गुंडाळणारा माणूस शोधावा लागतो.

तिसऱ्या वर्षी मला भूमिका मिळाली. एकच प्रवेश, अकरा वाक्यं. माझ्या जागी आता पहिल्या वर्षातली एक मुलगी फाइल घेऊन बसलेली. रंगीत तालमीच्या आधी विंगेत ती माझ्याजवळ आली आणि दबकत विचारलं, "ताई, तुम्ही खुर्चीकडे नक्की कोणत्या शब्दावर जाता?" मी छातीठोकपणे शब्द सांगितला. ती काहीच बोलली नाही, फाइल माझ्यासमोर धरली. गेल्या सहा तालमींच्या खुणा सहा वेगवेगळ्या जागी होत्या आणि खोडून खोडून त्या ठिकाणचा कागद पार झिरझिरीत झाला होता.