१४ मार्चच्या संध्याकाळची तयारी

१४ मार्च हा गझलकार सुरेश भटांचा स्मृतिदिन. २००३ साली याच तारखेला ते नागपुरात वारले. रेशीमबागेत त्यांच्या नावाचं मोठं सभागृह आहे, पण आपली वाचनाची संध्याकाळ चाळीस-पन्नास माणसांची. तिला वाचनालयाचा हॉल पुरे. मात्र हॉल तळमजल्यावरचाच घ्या. भटांचा पाय लहानपणीच पोलिओने अधू झाला होता. त्यांच्या कार्यक्रमाला आलेलं कुणी जिना बघून परत गेलं, तर मला ते सहन व्हायचं नाही.

परीक्षांचे दिवस असतात, म्हणून सहाला सुरू करून आठला आटपा. दोन माठ आदल्या दिवशीच भरून ठेवा. हार, फोटो, खुर्च्या सकाळी होऊन जातात.

खरी तयारी मजकुराची. तिला पंधरा दिवस द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर भटांच्या नावाने फिरतं त्यातलं बरंचसं त्यांचं नसतंच, आणि असतं त्यातही शब्द बदललेले असतात. म्हणून प्रत्येक गझल छापील संग्रहातूनच उतरवा आणि दुसऱ्या कुणाकडून ताडून घ्या. गेल्या वर्षी मी मोबाइलवरून वाचलं. दुसऱ्याच शेरात एक ‘ही’ जास्तीचा होता, वृत्त तुटलं आणि मला कळलंही नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी पुस्तक न बघता, अगदी हळू आवाजात, बरोबर ओळ म्हटली. तेव्हापासून मी वहीत हाताने उतरवतो.

वाचताना शेराची पहिली ओळ दोनदा म्हणा आणि थांबा. ऐकणारा मनातल्या मनात काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, शोधत असतो. रदीफ, म्हणजे काफियानंतर दर शेरात तसाच येणारा शब्द, तो तर अख्खा हॉल तुमच्याबरोबर म्हणतो. दाद पुरती उमटू द्या, मगच पुढचा शेर. गाजलेल्या गझलांची चाल नकळत गळ्यात येते. तिला आवरायचं तर घरी चार वेळा मोठ्याने, लघु-गुरू सांभाळत वाचावं लागतं.

बाबासाहेब आंबेडकरांवरची भीमवंदना भटांचीच. सुरुवात तिने करा. ती म्हणणारं माणूस नागपुरात शोधावं लागत नाही.

शेवटची वीस मिनिटं नव्याने लिहिणाऱ्या मुलामुलींची. भट नवोदितांना पत्रांतून गझलेचं तंत्र शिकवत, ‘गझलेची बाराखडी’ त्यांनी त्यासाठीच लिहिली. मुलांकडून रचना आठवडाभर आधी मागवा, वृत्ताच्या चुका त्यांना एकट्याला गाठून सांगा. मंचावर नको, कोवळं पोर पुन्हा लिहीत नाही.

पुस्तिका काढायची असेल, तर पूर्ण गझला परवानगीशिवाय छापू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे किंवा ज्यांना ते दिले असतील त्यांच्याकडे असतात.

दाराजवळच्या टेबलावर संग्रह ठेवा, कुणालाही उघडून बघता येतील असे. ‘एल्गार’ची बाबांची प्रत माझ्याकडे आहे, त्यांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. ती मी घेऊन येतो.