घरी कलर रोल धुताना या चुका टाळा: आधी नेगेटिव्हची कड वाचा

रोल बिघडला की पहिला संशय केमिकलवर जातो, दुसरा कॅमेऱ्यावर आणि तिसरा रोल विकणाऱ्यावर. नाशिकमध्ये घरी रोल धुणारे आम्ही मोजकेच आहोत, त्यामुळे कुणाचा रोल फसला की नेगेटिव्ह माझ्याकडे येते. मी फोटो नंतर बघते. आधी बघते ती कड.

कलर नेगेटिव्हच्या दोन्ही कडांवर फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात, पण रोल धुतल्यावरच दिसू लागतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काहीच संबंध नसतो. म्हणून आकडे ठळक आणि फ्रेम कोऱ्या असतील, तर तुमच्या धुण्यात दोष नाही. फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेसुद्धा नाहीत आणि पट्टी नुसती नारिंगी, पारदर्शक निघाली, तर डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं पहिलं द्रावण, मेलेला होता किंवा घाईत आधी ब्लिक्स, म्हणजे त्यानंतरचं चांदी काढणारं द्रावण, ओतलं गेलं. त्या रोलला उपाय नाही. आकडे आहेत पण फिकट आहेत, तर डेव्हलपर थंड, थकलेला किंवा वेळ कमी. आणि कडेसकट सगळी फिल्म काळी असेल, तर तिला उजेड लागला. एवढं बघितलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

शंभर म्हणजे शंभरच

कलर नेगेटिव्ह धुण्याची सी-४१ ही प्रक्रिया कोडॅकने १९७२ साली आणली. तिचं डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश सेल्सिअस, म्हणजे बरोबर १०० फॅरनहाइट. घरात कुणाला ताप आला की आपण म्हणतो ना, ‘शंभर आहे’, तेच. कोडॅकच्या मूळ सूचनेत इकडेतिकडे जेमतेम ०.१५ अंशाची मुभा आहे. घरी इतकं काटेकोर जमत नाही, पण अर्ध्या अंशाच्या आत राहायचा प्रयत्न करायचाच.

कारण फिल्ममध्ये रंगांचे तीन थर असतात आणि डेव्हलपर वरून आत झिरपत जातो. थंड पडला तर तिन्ही थर सारखे मागे राहत नाहीत, एखादा जास्त मागे पडतो. मग स्कॅनमध्ये उजळ भागाला एक छटा आणि सावलीला वेगळीच. माझा रंगपंचमीचा एक रोल असाच गेला. तिवंध्याची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला मोठा हौद, भिजलेली पोरं, उन्हातले पांढरे सदरे हिरवट आणि सावलीतले जांभळट. हिरवा कमी केला की सावली आणखी जांभळी व्हायची. एका बाजूने सावरलं की दुसरीकडे बिघडायचं. रहाडीच्या फोटोत रंग हीच तर गोष्ट होती, म्हणून तो रोल आजही मनाला लागून आहे.

चूक थर्मामीटरची होती. स्वयंपाकाचा स्वस्त थर्मामीटर दीड अंश जास्त दाखवत होता, आणि मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. आता तापाचा डिजिटल थर्मामीटर शेजारी ठेवते. त्याचा अचूक पट्टा नेमका आपल्याला हवा तिथलाच आहे. कोमट पाण्याच्या एकाच भांड्यात दोन्हींची टोकं बुडवायची, बीप होईपर्यंत थांबायचं आणि जो फरक येईल तो स्वयंपाकाच्या थर्मामीटरवर पट्टी चिकटवून लिहून ठेवायचा.

दुसरी चूक म्हणजे रिकाम्या टँकला, म्हणजे रोल धुण्याच्या उजेडबंद डब्याला विसरणं. जानेवारीत निफाडकडून गार वारं यायला लागलं की बाथरूममधली फरशी, टँक, फिल्म गुंडाळायचं रीळ, सगळं बर्फासारखं असतं. ३८ अंशाचा डेव्हलपर त्यात ओतला की क्षणात दोनेक अंश उतरतो, आणि तुम्ही बाटलीतलं तापमान बघून निश्चिंत असता. म्हणून आधी एक मिनिट ३९ अंशाचं साधं पाणी टँकमध्ये भरून ठेवा, मग ते ओतून द्या. ते हिरवट किंवा निळसर निघालं तर घाबरू नका, फिल्ममधला रंग सुटतो. मे महिन्यात उलटं होतं. गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणीच हाताला चटका देतं. त्या दिवसांत पहाटे धुवा किंवा आदल्या रात्री बादली भरून ठेवा. मधल्या धुण्याचं पाणीही २४ ते ४१ अंशांच्या मध्येच असू द्या.

बाटल्या ज्या टबात ठेवायच्या त्याच्यासाठी माशांच्या टाकीचा हीटर घेणारे बरेच आहेत. बहुतेक हीटर ३२-३४ अंशांवरच थांबतात. घेण्यापूर्वी खोक्यावर बघा. पाणी तापवायचा रॉड तर अजिबात नको. एक तर तो तापमान उडवतो आणि ओल्या हाताने तिथे काम करणं जिवावर बेतू शकतं. जाड टबात जास्तीत जास्त पाणी घेऊन गिझरचं गरम पाणी थोडंथोडं मिसळणं हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग. पाणी जितकं जास्त, तितकं ते हळू निवतं.

सव्वातीन मिनिटं आणि ती ओतण्याची घाई

डेव्हलपरला ३ मिनिटं १५ सेकंद. फिल्म एक स्टॉप पुश करायची, म्हणजे मुद्दाम जास्त वेळ डेव्हलप करून फोटो एक पायरी उजळ करायचा, तर ३ मिनिटं ४५ सेकंद. म्हणजे मोबाइल वाजला म्हणून तुम्ही अर्धा मिनिट उशीर केलात, तर नकळत एक स्टॉप पुश करून बसलात. टँक रिकामा व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तेवढे आधी ओतायला सुरुवात करा. एकाच द्रावणात रोलमागून रोल धुतलेत तर वेळ थोडी थोडी वाढवावी लागते. किटच्या कागदावरचा तक्ता पाळा आणि बाटलीवर प्रत्येक रोलची रेघ मारा. डोक्यात मोजलेले रोल हमखास चुकतात.

टँक हलवताना जोर नको. दही घुसळल्यासारखं हलवलं की फिल्मच्या छिद्रांजवळून डेव्हलपर जोरात वाहतो आणि कडेला गडद रेघा उठतात. सावकाश उलटा, सरळ करा, बुडबुडे सुटायला तळाला एकदा ठोका.

ब्लिक्स

चुकांपैकी ब्लिक्सची हीच एक सुधारता येते, म्हणून तिच्याबद्दल नीट सांगते. नेगेटिव्ह मळकट, दाट दिसते, रंग मेलेले, स्कॅनमध्ये रवाळपणा. लोक समजतात फिल्म जुनी होती. बहुतेक वेळा फिल्ममध्ये चांदी उरलेली असते. रंग तयार झाल्यावर ती चांदी काढून टाकणं हे ब्लिक्सचं काम, आणि ब्लिक्स थकलेलं, थंड किंवा घाईत ओतून दिलेलं असलं की ते अर्धवट राहतं. नेगेटिव्ह फेकू नका. ती कोमट पाण्यात भिजवा, ताज्या ब्लिक्समध्ये आठ-दहा मिनिटं घाला, धुवा, स्टॅबिलायझर हे शेवटचं द्रावण द्या. हे सगळं उजेडात चालतं. गंगापूर धरणावर काढलेला एका मित्राचा रोल असा चार महिन्यांनी सुधारला. पाण्याचा काळपट पत्रा झाला होता तो पुन्हा निळा झाला, आणि त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. ब्लिक्सला वेळ जास्त झाला तरी नुकसान होत नाही, हे लक्षात असू द्या.

उलट दिशेची चूक मात्र महागात पडते. ब्लिक्सचे काही थेंब डेव्हलपरच्या बाटलीत गेले की डेव्हलपर संपला. नरसाळं एकच, झाकणं अदलाबदल, असंच होतं हे. माझ्याकडे डेव्हलपरच्या बाटलीला, नरसाळ्याला आणि झाकणाला लाल दोरा बांधलेला आहे. लाल वस्तू ब्लिक्सला शिवतच नाही. डेव्हलपर ओतून काढल्यावर टँक एकदा पाण्याने खळबळून घ्या. नाहीतर उरलेल्या डेव्हलपरची ब्लिक्सशी क्रिया होऊन वायू सुटतो, झाकण फुगतं आणि तपकिरी शिंतोडे फरशीवर उडतात. पहिल्या दोन-तीन वेळा हलवल्यावर झाकण किंचित उघडून हवा सोडा.

डेव्हलपर काळ्या चहासारखा झाला असेल तर त्याची परीक्षा घेऊ नका, टाकून द्या. हवा त्याची वैरी. बाटली अर्धी झाली की मी काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणते. शीतपेयाच्या बाटलीत केमिकल कधीही ठेवू नका, घरात मुलं असतील तर मुळीच नाही. हातमोजे घाला, डेव्हलपरमुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते आणि ती वाढत जाते.

अंधार आणि पाणी

रीळ ओलं असेल तर फिल्म मध्येच अडकते आणि चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे हात घालून काम करायच्या उजेडबंद पिशवीत, घामेजलेल्या बोटांनी ती आणखी चिकटते. बिघडलेला एक रोल सरावाला ठेवा आणि उजेडात, मग डोळे मिटून, मग बॅगेत भरा. दादासाहेब फाळक्यांच्या सिनेमासाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात कोऱ्या फिल्मला छिद्रं पाडत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलं की मला आधी त्यांची बोटं आठवतात. ती सवय हाताची असते.

सिनेमाची फिल्म स्वस्तात रोलमध्ये भरून मिळते. तिच्या पाठीवर रेमजेटचा काळा थर असेल तर तो तुमच्या द्रावणात सुटून सगळी बाटली घाण करतो. तिची प्रक्रियाही वेगळी, ईसीएन-२. सी-४१ च्या टँकमध्ये ती घालू नका.

स्टॅबिलायझर डिस्टिल्ड पाण्यात बनवा. बोअरच्या पाण्याचे डाग आकाशावर बसतात, पुसले की ओरखडे उठतात. स्टॅबिलायझरनंतर साध्या पाण्याने धुवायचं नाही, आणि रीळ त्यात बुडवायचंच नाही. पुढच्या वेळी ते चिकट होतं. फिल्म पंखा बंद करून बाथरूममध्ये टांगा, खालच्या टोकाला कपड्यांचा चिमटा.

वापरलेलं ब्लिक्स मोरीत ओतू नका. त्यात तुमच्या फिल्मची चांदी विरघळलेली आहे, ती माशांना घातक, आणि आपली गटारं शेवटी गोदावरीलाच मिळतात. मी ते वेगळ्या कॅनमध्ये साठवते. एक्स-रे फिल्म धुतलेला हायपो, म्हणजे असंच चांदी विरघळलेलं द्रावण, चांदीसाठी विकत घेणारे असतात. कॅन भरला की तशा माणसाला विचारून देते.