जुन्या गोव्यातील ऐतिहासिक चर्च एका दिवसात सहकुटुंब कशी पाहावीत

जुन्या गोव्यातील चर्च आणि मठांचा १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ही ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे बरीच कुटुंबे ती घाईघाईने उरकतात आणि मुलांना सगळी चर्च सारखीच वाटू लागतात. त्याऐवजी पुढील क्रम ठेवावा.

प्रथम दिवस निवडावा. रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधील सामूहिक प्रार्थना) असते, शुक्रवारी पुरातत्त्व संग्रहालय बंद असते आणि ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) भाविकांची मोठी गर्दी होते. म्हणून निवांतपणे पाहायचे असेल, तर हे दिवस टाळावेत. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत.

सकाळच्या उन्हात आधी टेकडीवरील सेंट ऑगस्टीन चर्च व मठाचे भग्नावशेष पाहावेत, कारण तिथे सावली जवळजवळ नाही. १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आल्यानंतर मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले आणि आता सुमारे ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा तेवढा उभा आहे. १६२४ मध्ये इराणात मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अस्थि-अवशेष इथेच सापडले. मुलांना सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट या परिसरात क्वचितच मिळेल.

ऊन चढू लागले की बॉम जेझूस बॅसिलिकात शिरावे. १६०५ मध्ये समर्पित झालेल्या या वास्तूला बाहेरून गिलावा नाही. भिंतीजवळ उभे राहून जांभ्या दगडातील बारीक छिद्रे मुलांना दाखवावीत, म्हणजे समोरचे पांढरेशुभ्र से कॅथेड्रल पाहताना फरक त्यांच्याच लक्षात येईल. आत झेवियरचे पार्थिव गोव्याच्या कारागिरांनी घडवलेल्या चांदीच्या पेटीत असून, खालची संगमरवरी समाधी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने दिलेली आहे. पेटी उंचावर असल्यामुळे पार्थिव जवळून दिसत नाही, हे लहानांना आधीच सांगावे.

नंतर रस्ता ओलांडून से कॅथेड्रलला जावे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, गोवा जिंकले म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावे आहे. दर्शनी भागाचा तोल एका बाजूला गेल्यासारखा वाटतो, कारण दुसरा मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच गेला नाही. त्याच आवारातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये मात्र वर पाहण्याआधी जमिनीकडे पाहावे: फरशीत कुलचिन्हे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत.

शेवटी नदीच्या बाजूच्या सेंट कॅजेटन चर्चकडे वळावे. रोमच्या सेंट पीटर्सवरून बेतलेला त्याचा घुमट आणि आवारात उभी असलेली आदिलशाही राजवाड्याची दगडी चौकट दोन्ही पाहावीत. मुले थकली असतील, तर संग्रहालय गाळावे. टेकडी गाळू नये.