पाऊस पडायच्या आत पंपाचं अर्थिंग बघून घ्या

पेरणीच्या धांदलीत बियाणं, खत, औजारं सगळं आठवतं. मोटारीचं अर्थिंग, म्हणजे बॉडीपासून खड्ड्यात गाडलेल्या पाइपपर्यंत नेलेली आणि गळतीचा करंट जमिनीत सोडणारी तार, मात्र आठवत नाही. पहिला पाऊस झाला की स्टार्टरच्या पेटीत ओल शिरते, केबलचा जुना जॉइंट भिजतो आणि करंट मोटारीच्या बॉडीवर येतो. पुढे पिकाचं पाणी तुटतं, नाहीतर माणूस जातो. दोन्ही पाहिलंय, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे लिहितोय.

हिशेब समजून घ्या. फेज (करंट असलेली तार) आणि जमीन यांच्यात साधारण 230 व्होल्ट असतात. अर्थिंगचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, 5 ओहमच्या आत असेल, तर गळती होताच चाळीसेक अँपिअर करंट जमिनीत जातो, फ्यूज उडतो, मोटार बंद पडते. तोच रोध खड्डा सुकून 100 ओहम झाला, तर जेमतेम 2 अँपिअर जातात. फ्यूजला पत्ताही लागत नाही. मोटार पाणी ओढत राहते, बॉडी जिवंत राहते आणि ओल्या पायांनी हात लावणाऱ्याच्या अंगातून करंट जातो. माणसाच्या जिवाला 30 मिलीअँपिअरच्या पुढचा करंट धोक्याचा, म्हणजे एका अँपिअरचा तेहतिसावा भागसुद्धा नाही. आणि फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळली असेल, तर चांगलं अर्थिंगही कामी येत नाही.

आता खड्ड्यापाशी जाऊन वाका आणि तार पाइपला जिथे आवळली आहे तो नटबोल्ट बघा. बहुतेक ठिकाणी दोष तिथेच सापडतो: पांढरट-तांबूस गंजाचा थर आणि तार नुसती टेकलेली. मेन स्विच बंद करून पॉलिश पेपरने घासा, नवा नट आवळा, वरून ग्रीस लावा. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, किमान अडीच मीटर, उभा गाडलेला हवा. भोवती कोळसा आणि मीठ. खड्ड्यात पाणी घालायचं ते सप्लाय बंद ठेवूनच. जागेबद्दल माझा अंदाज असा, की उन्हाळ्यातही जिथलं गवत हिरवं राहतं तिथला खड्डा चांगला चालतो. पण खात्री अंदाजाने होत नाही. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या.

दुकानदार महागडा केमिकल अर्थिंगचा संच दाखवेल, वीज वाचवणारी डबी गळ्यात मारेल. डबी घेऊच नका. भुसभुशीत, ओल धरणाऱ्या जमिनीत कोळसा-मिठाचा खड्डा पुरतो. खडकाळ रानात मोजून रोध उतरलाच नाही, तरच संचाचा विचार करा. पैसे घालायचेच तर 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळताच सप्लाय तोडणाऱ्या स्विचवर, घाला. तो सारखा पडतो म्हणून बायपास करणारे पुष्कळ आहेत. कृपा करून तसं करू नका. तो पडतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळणारा जॉइंट शोधा, मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) मोटार तपासा. रोध 1 मेगाओहमच्या खाली असेल तर मोटार चालवू नका.

बाकीची कामं:
- स्टार्टरची पेटी कमरेच्या वर, वर पत्रा, केबलची भोकं बुजवलेली. पाली-मुंग्यांसाठी आत डांबरगोळी ठेवतात, मला तिचा गुण वाटतो.
- जॉइंट पाण्यात किंवा चिखलात नको.
- कुंपणात थेट लाइन सोडणं म्हणजे जीव घेणं. कधीच नको.
- विजा कडाडत असताना मोटार चालू-बंद करायला जाऊ नका.

ऑटो स्विच (लाइट येताच मोटार आपोआप चालू करणारा) असेल तर जास्त जपा. लाइट गेली म्हणून फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) काढायला विहिरीत उतरायचं आणि वर लाइट येताच मोटार आपोआप सुरू व्हायची, असं होतं. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात टाका, मगच उतरा. आणि वर आल्यावर एकदा अर्थिंगची तार जागेवर आहे का ते बघा, कारण ओढाताणीत तीच आधी सुटते.

कुणी चिकटलं तर हात लावू नका, आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने दूर ढकला. लाइनची तार तुटून पडली असेल तर लाकूड घेऊनही जवळ जाऊ नका, वीज कंपनीला सप्लाय तोडायला सांगा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब द्या आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.