अवयव बिघडला तो विषानं की आपल्या हातानं? उंदरांवरच्या प्रयोगातल्या या चुका टाळा

किडनीची एक स्लाइड माझ्याकडे आली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'सर्वांत मोठ्या डोसचा गट, नलिकांचा तीव्र नेक्रोसिस.' म्हणजे जिवंतपणीच पेशी मेलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली धरली. नलिकांच्या पेशी बुडापासून सुटून मधोमध गोळा झालेल्या, केंद्रकं फिकी पडलेली. वर्णन चुकीचं नव्हतं. पण स्लाइडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे अगदी तेच चित्र होतं आणि रक्तवाहिन्यांतल्या तांबड्या पेशीही विरघळून नुसत्या सावल्या उरल्या होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की उंदीर रात्री कधीतरी मेला होता आणि सकाळी अकराला उघडला होता.

हा ऑटोलिसिस. जीव गेल्यावर पेशी आपल्याच विकरांनी स्वतःला पचवायला लागतात. खऱ्या नेक्रोसिसला बहुधा हद्द असते: इथे मेलेल्या पेशी, शेजारी जिवंत, एक-दोन दिवसांत कडेला दाहपेशी. ऑटोलिसिस सरसकट पसरतो आणि त्याच्याभोवती शरीराची कसलीच प्रतिक्रिया दिसत नाही. किडनीच्या नलिका लवकर जातात, आतड्याचं अस्तर तर काही मिनिटांतच. म्हणून मोठ्या डोसच्या गटावर संध्याकाळी उशिरापर्यंत नजर ठेवा. एखादा उंदीर मरणाला टेकलेला दिसला तर सकाळची वाट न पाहता त्याला वेदनारहित मरण द्या आणि लगेच उघडा. त्याचे हालही वाचतात, अवयवही हाती लागतात. मेलेला सापडलाच आणि लगेच उघडणं शक्य नसेल, तर ४ अंश सेल्सिअसला ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको, कारण बर्फाचे स्फटिक ऊतींना भोकं पाडतात आणि मग ती भोकंही कुणीतरी विषाच्या खात्यावर मांडतं.

तोंडावाटे दिलेल्या प्रदूषकानं किंवा औषधानं अवयवाचं काय होतं, हे पाहणाऱ्या प्रयोगांची खरी अडचण हीच आहे. बदल दिसायला वेळ लागत नाही. तो दिलेल्या पदार्थानंच झाला, हे म्हणायला मात्र बाकीची सगळी कारणं एकेक करून बाद करावी लागतात. ज्याचा जीव आपण घेतला, त्या प्राण्याचं एवढं देणं आपण लागतो.

डोस देताना

पहिली चूक गॅव्हाजची, म्हणजे नळीनं थेट पोटात औषध देण्याची. नळीची लांबी उंदराच्या नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरून मोजून खूण करायची असते. घाईत ती राहते. नळी श्वासनलिकेत गेली, किंवा जास्त द्रव दिल्यामुळे तो उलटा वर आला, तर थोडं औषध फुप्फुसात जातं. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे नाकाशी फेस किंवा औषध दिसलं तर ती धोक्याची खूण समजा आणि त्याच क्षणी नोंद करा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० ग्रॅम वजनामागे १ मि.ली.पेक्षा जास्त द्रव देऊ नये. पाण्यातलं द्रावण असेल तर २ मि.ली.पर्यंत चालतं. प्रयोगात मेलेल्या प्रत्येक उंदराची अन्ननलिका आणि श्वासनलिका उघडून पाहायची सवय लावून घ्या. छातीत तेलाचा तवंग किंवा अन्ननलिकेला छिद्र सापडलं तर तो मृत्यू विषारीपणाच्या हिशेबात धरता येत नाही.

पिण्याच्या पाण्यातून शिसं देणाऱ्यांना एक गोष्ट हमखास दिसते: नळाच्या पाण्यात लेड ॲसिटेट घातलं की पाणी दुधाळ होतं. शिसं क्षाराच्या रूपात खाली बसतं आणि उंदराला आपण वहीत लिहिलेला डोस मिळतच नाही. डिस्टिल्ड पाणी वापरा, त्यात किंचित ॲसेटिक ॲसिड घाला आणि तेवढंच ॲसिड कंट्रोलच्या (विष न दिलेल्या, तुलनेसाठीच्या गटाच्या) बाटलीतही घाला. हे शेवटचं विसरलं जातं. तेलात किंवा डीएमएसओ या द्रावकामध्ये औषध विरघळवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. नुसतं पाणी दिलेला गट तिथे कंट्रोल होऊ शकत नाही, त्याला तेच तेल तेवढंच द्यावं लागतं.

बाटल्या रोज वजन करून ठेवा. बेचव पाणी उंदीर कमी पितो, कमी पाण्यानं रक्तातला युरिया वाढतो, आणि आपण लिहून मोकळे होतो: 'किडनीवर परिणाम'. खाणं कमी झालं तरी असाच घोळ होतो. समजा कंट्रोलचा उंदीर ३०० ग्रॅमचा आणि यकृत १०.५ ग्रॅमचं, म्हणजे वजनाच्या ३.५ टक्के. डोस दिलेला उंदीर रोडावून २५० ग्रॅमवर आला, यकृत १० ग्रॅम, म्हणजे ४ टक्के. तक्त्यात यकृत १४ टक्क्यांनी 'वाढलं', प्रत्यक्षात ते अर्ध्या ग्रॅमनं घटलंय. मेंदूचं वजन उपासमारीतही फारसं हलत नाही, म्हणून अवयवाचं वजन मेंदूच्या वजनाशीही ताडून पाहा. शंका असेल तर डोसवाले उंदीर खातात तेवढंच अन्न देऊन आणखी एक कंट्रोल गट ठेवा.

आणि उंदीर स्वतःची विष्ठा खातो. न शोषलेलं औषध त्या वाटेनं पुन्हा पोटात जातं, उपाशी ठेवलेला उंदीरही खरा उपाशी राहत नाही. जाळीच्या तळाचा पिंजरा त्यासाठीच असतो; पण जाळीवर पाय दुखतात, तेव्हा गरजेपुरताच वापरा.

कंट्रोल गटच बिघडला तर?

१९९८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच घडलं. काहीही न दिलेल्या माऊसच्या (लहान जातीचा उंदीर; बाकी लेखात 'उंदीर' म्हणजे मोठा, रॅट) अंडपेशींत अचानक गुणसूत्रांचे दोष वाढले. शोध घेताना कारण सापडलं ते धुण्याच्या जागी. पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि बाटल्या चुकून तीव्र अल्कली डिटर्जंटनं धुतल्या गेल्या होत्या, प्लॅस्टिक झिजून त्यातलं बिस्फेनॉल-ए हे इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन पाझरत होतं. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि बिस्फेनॉल-एच्या पुढच्या संशोधनाला मोठी चालना मिळाली. हंट यांनी कंट्रोलचे आकडे 'आज जरा विचित्र आलेत' म्हणून बाजूला सारले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. तुम्ही संप्रेरकांत ढवळाढवळ करणाऱ्या प्रदूषकावर काम करत असाल तर काचेच्या बाटल्या आणि सोयाविरहित खाद्य वापरा. सोयातली वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन्स गर्भाशयाचं वजन बदलू शकतात.

यकृतातल्या पोकळ्या

सर्वांत जास्त गफलत इथे होते. एच अँड ई (नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगांच्या) स्लाइडवर यकृतपेशीत पांढऱ्या पोकळ्या दिसल्या की 'फॅटी चेंज' (पेशीत चरबी साचणं) लिहून टाकतात. जरा जवळून पाहा. चरबीची पोकळी गोल, कडा सुबक, जणू टोच्यानं पाडलेली. ग्लायकोजेनची (यकृतात साठवलेल्या साखरेची) जागा फाटक्या कापसासारखी, कडा विस्कटलेल्या, केंद्रक बहुधा मधोमधच. ग्लायकोजेनवाला उंदीर आजारी नसतो, तो फक्त पोटभर जेवलेला असतो. खात्री हवी तर डायास्टेज (ग्लायकोजेन पचवणारं विकर) लावून आणि न लावता अशा दोन पीएएस (ग्लायकोजेन रंगवणाऱ्या) स्लाइड करा. चरबीसाठी ऑइल रेड ओ हा रंग लागतो आणि त्यासाठी गोठवलेला तुकडाच हवा, कारण तुकडा पॅराफिन मेणात बसवण्याच्या वाटेवर अल्कोहोल आणि झायलीननं चरबी धुऊन जाते. हा तुकडा आधीच राखून ठेवावा लागतो. ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) झाल्यावर आठवून उपयोग नाही.

ग्लायकोजेन दिवसभरात चढतं-उतरतं. कंट्रोलचे सगळे उंदीर सकाळी आणि मोठ्या डोसचे सगळे दुपारी उघडले, तर स्लाइडवर दिसणारा फरक घड्याळाचा असतो. प्रत्येक गटातला एकेक घेत पुढे जा.

उपासाचा दुसरा परिणाम त्याहून गंभीर आहे. रात्रभर उपाशी ठेवल्यानं यकृतातलं ग्लुटाथायोन (विषाला निष्प्रभ करणारा पदार्थ) घटतं आणि पॅरासिटामॉलचा तोच डोस जास्त घातक ठरतो. एका गटाचं खाद्य रात्री काढलं आणि दुसऱ्याचं राहून गेलं, तर तुलना तिथेच संपली. बरं, उंदीर आणि माऊस यांतही फरक आहे. पॅरासिटामॉलला माऊस जास्त हळवा, त्यामुळे एकाचा डोस उचलून दुसऱ्याला देऊ नका.

फेनोबार्बिटॉलसारख्या औषधानं मध्यशिरेभोवतीच्या पेशी फुगतात, यकृत जड होतं. हे बऱ्याचदा विकरं वाढल्यामुळे झालेलं जुळवून घेणं असतं. एएलटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) वाढलेलं नाही, पेशी मेलेल्या नाहीत, तर 'यकृताला इजा' हा शब्द वापरू नका. अशा वेळी थायरॉईडही तपासा. यकृत थायरॉक्सिन भराभर बाहेर टाकू लागतं आणि उंदराच्या थायरॉईडला जास्त राबावं लागतं.

नराची किडनी

नर उंदराच्या नलिकापेशीत गुलाबी काचेसारखे थेंब दिसले तर घाबरण्याआधी मादीची स्लाइड काढा. नर उंदराच्या यकृतात अल्फा-२यू-ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन तयार होतं. डी-लिमोनीन (लिंबूवर्गीय सालींतलं रसायन) किंवा पेट्रोलमधली काही रसायनं त्याला चिकटली की ते किडनीत साचतं. मादीत असं होत नाही, माणसात तर नाहीच. फक्त नरांवर केलेला प्रयोग इथे आपल्याला सरळ फसवतो. म्हाताऱ्या नरांत किडनीचा एक जुनाट आजार आपोआपही येतो, म्हणून वय लिहा.

फॉर्मॅलिन आणि रक्त

अवयव टिकवण्यासाठीचं १० टक्के फॉर्मॅलिन म्हणजे १ भाग मूळ द्रावण आणि ९ भाग बफर. त्यात फॉर्मल्डिहाइड सुमारे ४ टक्केच असतं. तुकडा ५ मि.मी.पेक्षा जाड नको आणि द्रावण तुकड्याच्या दहापट हवं. अख्खं यकृत छोट्या बाटलीत कोंबलं तर बाहेरून कडक, आतून कच्चं राहतं. बफर नसेल तर रक्ताजवळ तपकिरी-काळे कण पडतात, ते लोहाचे समजले जातात. लोह निळं करणारा पर्ल्सचा रंग लावा, निळे झाले नाहीत तर फॉर्मॅलिनचे असण्याचीच शक्यता जास्त. वृषणासाठी मॉडिफाइड डेव्हिडसन हे द्रावण घ्या, साध्या फॉर्मॅलिननं नलिका आक्रसतात.

रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर एएसटी आणि एलडीएच ही विकरं आणि पोटॅशियम खोटे वाढतात. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतून अल्कलाइन फॉस्फेटेज आणि कॅल्शियम खोटे कमी येतात.

प्रयोग होऊन गेला असेल तर

उंदीर परत आणता येत नाहीत. ब्लॉक मात्र असतात. कंट्रोलचे आणि डोसचे ब्लॉक एकाच दिवशी, एकाच हातानं पुन्हा कापून रंगवून घ्या. लेबलांवर कागद चिकटवून दुसऱ्या कुणाला तरी संकेतांक घालायला सांगा आणि सगळ्या स्लाइड्स नव्यानं वाचा. एका पिंजऱ्यात एकच बाटली होती तर आकडेमोडीत पिंजरा एक धरा, पाच उंदीर नव्हे. जिथे ऑटोलिसिस झालाय, तिथे तक्त्यात 'ऑटोलिसिस, वाचता येत नाही' असंच लिहा.