‘कधी इलस?’ : मालवणी मीम जमवायचं कसं

‘मीम’ हा शब्द इंटरनेटपेक्षा जुना. नकलेतून माणसामाणसांत पसरणाऱ्या कल्पनेसाठी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी तो १९७६ मध्ये घडवला. २००७ च्या सुमारास वर-खाली ठळक ओळी लिहिलेल्या मांजरांनी नेटवर धुमाकूळ घातला. मग एकाच फोटोतल्या माणसांवर नावं चिकटवायची पद्धत आली, आणि रील्समध्ये तर आवाजच साचा झाला. खेळ मात्र तोच: चित्र ओळखीचं, ओळ नवी, मधला सांधा बघणाऱ्याने जुळवायचा. जुळला की तो हसतो, आणि ज्याला जुळेल असं वाटतं त्याला पाठवतो.

आपणही मांजरच घेऊ.

१. प्रसंग पकडा. ‘कोकणात पाऊस फार’ ही नुसती माहिती झाली. चाकरमानी पिशव्या सांभाळत खळ्यात पाऊल ठेवतो, शेजारी विचारतात, “कधी इलस?” (कधी आलास?) आणि त्याच दमात, “परत कधी जातलस?” (परत कधी जाणार?) हा प्रसंग. दोन प्रश्नांच्या मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. विनोद तिथेच आहे. म्हणून तिसरी ओळ घालू नका. ‘गावची माणसं अशीच’ असं खाली लिहिलंत की सांधा तुम्हीच जुळवून दिलात, वाचणाऱ्याला काम उरलं नाही.

२. फोटो काढा. पडवीत बसलेलं मांजर, सकाळच्या उजेडात. भर दुपारी मागचं अंगण पांढरंफटक येतं आणि मांजर काळं. अशा वेळी स्क्रीनवर त्याच्या तोंडावर बोट टेकवा, कॅमेरा उजेड तिथला धरतो. डोक्यावर थोडी मोकळी जागा सोडा, ओळ तिथे बसेल. शेजारच्या काकींचा फोटो जास्त शोभेल, पण त्यांना विचारूनच. गावात मीम संध्याकाळपर्यंत त्यांच्याच फोनवर पोचतं.

३. मांडणी करा. कॅनव्हास १०८० बाय १३५० पिक्सेल. त्याचे वर-खाली दोन सारखे भाग, प्रत्येक ६७५ उंचीचा. वर अख्खं मांजर आणि पहिला प्रश्न, खाली तोच फोटो मोठा करून फक्त डोळे आणि दुसरा प्रश्न. दुसरा फोटो शोधायची गरज नाही, तोच चेहरा जवळ आल्यानेच प्रश्न अंगावर येतो.

४. अक्षरं लिहा. बहुतेक मीम इथेच बिघडतात. इंग्रजी मीमांचा इम्पॅक्ट हा फॉन्ट देवनागरीत नाही. तो निवडला तर फोन भलतंच बारीक अक्षर लावतो. बलू किंवा मुक्ता घ्या, ठळक. आकार ८० ते ९० पिक्सेल. कडेपासून निदान ६० पिक्सेल आत. ओळींत सव्वा ते दीडपट अंतर लागतंच, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. पांढऱ्या अक्षराला काळी कड ५ पिक्सेलच्या आसपास पुरे. जाड केली की अनुस्वार बुजतो, ‘ष’ आणि ‘प’ सारखेच दिसतात. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून आधी ‘र्‍हस्व’ आणि ‘चाकरमान्यांक’ लिहून बघा.

बोली सांभाळा. ‘इलस’ सिंधुदुर्गात घरचं, रत्नागिरीकडची संगमेश्वरी बोली बोलणाऱ्याला ते परकं वाटेल. मालवणी येत नसेल तर साधी मराठी लिहा. अर्धवट मालवणी लोक लगेच ओळखतात, आणि मग हसू मीमावर नाही, तुमच्यावर येतं.

५. जपून पाठवा. फाइल पीएनजीत ठेवा. जेपीजीत अक्षरांभोवती धुरकट डाग येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट फिरू लागला की ओळ वाचता येत नाही. पाच किंवा जास्त वेळा पुढे गेलेल्या मेसेजवर तसा शिक्का बसतो आणि तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. म्हणजे पहिले दहा-वीस जण महत्त्वाचे. ५०० जणांच्या ग्रुपपेक्षा वाडीच्या ग्रुपवर आधी टाका.

६. वेळ साधा. रेल्वेचं आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडतं, म्हणून गणपतीच्या तिकिटांचं मीम दोन महिने आधीचं. आंब्याचं मार्च ते मे. मासेमारीबंदीचं जून-जुलैत, तेव्हा ताटात सुकटच असते. आणि आपलं मांजर चतुर्थीच्या आदल्या दिवशी, गाड्या घाटात असताना. विसर्जनानंतर टाकलंत तर ‘जातलस’ विचारायला वाडीत कोणी उरलेलं नसतं.