पाइकची मासेमारी: नवशिक्यांनी टाळायच्या चुका

ब्रिटनमध्ये पाइक या गोड्या पाण्यातल्या माशाचा हंगाम परंपरेने ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालतो. पाणी गार पडतं, तळातलं गवत कुजून खाली बसतं, मासे जाडजूड झालेले असतात. याच दिवसांत कालव्यांच्या काठी, नॉरफोकच्या ब्रॉड्सवर (तिथल्या उथळ तळ्यांवर) आणि गावोगावच्या तळ्यांवर नवी मंडळी रॉड घेऊन उभी दिसतात. इंग्लंडात स्थायिक झालेले मराठी लोकही त्यांत असतात. गावच्या नदीत किंवा धरणावर मरळ धरलेल्या माणसाला पाइक लगेच जवळचा वाटतो, कारण हाही दबा धरून बसणारा शिकारी. पण मरळीचे सगळे धडे इथे चालत नाहीत.

पाइकचं जबडं चपटं, बदकाच्या चोचीसारखं, आणि आतले दात मागे वळलेले. पाठीवरचा पर पार शेपटीजवळ असतो, म्हणून तो जागच्या जागी उभा राहून एकदम झेप घेऊ शकतो. हे रूप पाहून नवखा माणूस समजतो, की मासा दणकट आहे, त्याला काही होत नाही. खरं तर उलट आहे. मरळ पाण्याबाहेरही हवेतून श्वास घेत तग धरते. पाइकला ते जमत नाही. त्याचे कल्ले नाजूक असतात, झुंजीत तो लवकर दमतो, आणि काठावर हाताळताना चुकलं तर पोहत गेलेला मासाही नंतर मरतो. म्हणून माझं ठाम मत आहे: आधी पाइक सोडायला शिका, मग धरायला जा. नवशिक्यांच्या सर्वांत महागड्या चुका गळ टाकताना होत नाहीत, त्या मासा हाताशी आल्यावर होतात.

साधनं नसताना गळ टाकणं

रॉड आणि रीलवर भरपूर खर्च केलेला असतो आणि हूक काढायला खिशात छोटा चिमटा. एवढ्यावर पाइकला जाऊ नये. निदान २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची, निमुळत्या तोंडाची पक्कड हवी. हूक तोडता येईल असा दणकट कटर हवा. रबरी लेप दिलेल्या जाळीचं मोठं लँडिंग नेट (मासा पाण्यातून उचलायची झोळी) हवं, कारण साध्या जाळीत ट्रेबल हूक (तीन टोकांचे गळ) अडकतात आणि मासा त्यात गुरफटतो. आणि जाड अनहुकिंग मॅट, म्हणजे हूक काढताना मासा ठेवायची गादी, हवीच. खडीवर किंवा लाकडी धक्क्यावर आपटलेल्या माशाचे खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

मॅट आधी ओली करा. मासा त्यावर आडवा ठेवा, गुडघे टेकून बसा. कल्ल्याच्या झाकणाखालून दोन बोटं आत सरकवा आणि जबड्याच्या हाडाला चिकटून हनुवटीकडे न्या. बोटं लाल कल्ल्यांना लागता कामा नयेत. तिथे आतल्या बाजूला टोकदार काटेही असतात, ते तुमची बोटं फाडतात. हनुवटीशी पकड आली, की डोकं हलकेच उचला. तोंड आपोआप उघडतं. मग पक्कड आत घालून हूक उलटा फिरवला, की बहुतेक वेळा सहज सुटतो. हूक खोल असेल तर कल्ल्याच्या फटीतून पक्कड घालून पोहोचता येतं, पण हे काम पहिल्यांदा एकट्याने करू नये. नाहीच सुटला, तर कटरने हुकाचे तुकडे करा. हूक स्वस्त आहे.

हे सगळं वाचून येत नाही. पाइक अँगलर्स क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन ही संस्था १९७७ पासून पाइकची नीट हाताळणी शिकवते आहे. तिच्या किंवा जवळच्या एखाद्या क्लबच्या जाणत्या माणसासोबत पहिली काही सत्रं घालवा. हूक सोडवताना त्याचे हात बघणं हीच खरी शिकवणी.

वायर ट्रेस टाळणं

तंगूस कितीही जाड घ्या, पाइकचे दात ते कापतात. जाड फ्लुरोकार्बनवरही नवशिक्याने विसंबू नये. हुकाआधी ४५ ते ५० सेंटिमीटर लांबीचा, सुमारे ३० पौंड ताकदीचा धातूचा ट्रेस, म्हणजे तारेचा तुकडा, लावा. लूर, म्हणजे कृत्रिम आमिष, वापरत असाल तरीही लावा. त्यामागे १५ पौंडांचं तंगूस किंवा ५० पौंडांची ब्रेड (विणलेली) लाइन. ट्रेसला एकदा जरी पीळ किंवा घडी पडली तरी तो फेकून द्या. नेमका त्या घडीवरच तुटतो. तुटला की तोंडात दोन ट्रेबल हूक घेऊन मासा निघून जातो, आणि बंद तोंडाने त्याची उपासमार होऊ शकते. टोकामागचे उलटे काटे दाबून सपाट केलेले किंवा मुळातच बिनकाट्याचे ट्रेबल वापरलेत तर सोडवणं फार सोपं होतं. ६ किंवा ८ नंबर पुरतो.

हिसका द्यायला उशीर

‘गिळू दे, मग ओढ’ हा जुना सल्ला अजूनही कानावर येतो. तो ऐकू नका. पाइक आपली शिकार आडवी पकडतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. त्यामुळे मेलेल्या माशाचं आमिष शेपटीकडून टांगायचं: वरचा ट्रेबल शेपटीच्या मुळाशी, दुसरा कुशीत. असं टांगलं, की पाइकने तोंडात घेताच हूक जबड्याजवळ असतात. लाइन हलली, की ढील आवरून घ्या आणि लगेच हिसका द्या.

घशात हूक जाण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे रॉड एका ठिकाणी आणि माणूस दुसऱ्या ठिकाणी. रॉडपासून दूर जाऊन गप्पा मारायच्या असतील, तर आमिष बाहेर काढून ठेवा. सुरुवातीला एकच रॉड वापरणं उत्तम.

आणखी एक खूण बरेच जण चुकवतात. मासा आमिष घेऊन तुमच्याच दिशेला आला, तर लाइन ताणली जात नाही, ढिली पडते. फ्लोट (लाइनवरचा तरंगा) आडवा होतो किंवा इंडिकेटर (चावा दाखवणारी खूण) खाली पडतो. हाही चावाच आहे.

चावे येतात पण मासा लागत नाही, असं सारखं होत असेल तर क्रमाने तपासा. हुकाची टोकं बोथट आहेत का? ती आमिषाच्या मांसात पूर्ण रुतली आहेत का? आमिष फार मोठं आहे का? मोठ्या मॅकरेलऐवजी अर्धा वापरून पाहा. सार्डिन मऊ असतो, फेकताना निसटतो. तो गोठलेला असतानाच लावा आणि शेपटीशी लवचीक दोऱ्याचे दोन वेढे द्या.

काहीच लागत नाही तेव्हा

पहिली फेक नेहमी लांब टाकली जाते आणि काठाजवळचा मासा बिथरतो. बोरूच्या कडेला, पुलाखाली, ओहोळ मिळतो तिथे, तळ एकदम खोल होतो तिथे आधी बघा. हिवाळ्यात रोचसारखे छोटे मासे बोटींच्या धक्क्यांच्या आसऱ्याला थवे करून राहतात, आणि पाइक त्यांच्या मागे असतो. अर्ध्या-पाऊण तासात हालचाल नसेल तर जागा बदला. गार पाण्यात लूर अगदी सावकाश ओढा. पूर ओसरताना पाणी गढूळ असेल, तर लूर बाजूला ठेवून तेलकट, वासाचं आमिष तळाशी टाका.

उन्हाळ्यात घाई

कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. त्यात झुंजलेला पाइक सावरत नाही. अनेक क्लब उन्हाळ्यात पाइकची मासेमारी बंदच ठेवतात, आणि तसा नियम नसला तरी नवशिक्याने पहिला मासा धरण्यासाठी ऑक्टोबरची वाट बघावी.

परवाना आणि घरी नेण्याचा मोह

इंग्लंड आणि वेल्समध्ये १३ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला रॉड लायसन्स (मासेमारीचा परवाना) लागतं. शिवाय त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते. इंग्लंडच्या नद्यांमधून दिवसाला जास्तीत जास्त एक, तोही ६५ सेंटिमीटरपर्यंतचाच पाइक नेता येतो. आयर्लंडमध्ये ही मर्यादा ५० सेंटिमीटर आहे. जिवंत मासा आमिष म्हणून लावायला स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये बंदी आहे, आणि इंग्लंडात तो त्याच पाण्यात धरलेला असावा लागतो.

आपल्याकडे धरलेला मासा कालवणात जातो, त्यात काही वावगं नाही. इथे मात्र गोड्या पाण्यातला मासा परत सोडण्याची रीत आहे, आणि पाइकच्या बाबतीत ती पाळण्याला ठोस कारण आहे. मोठा पाइक म्हणजे जवळजवळ नेहमी मादी. शिवाय मोठे पाइक लहान पाइक खाऊन त्यांची संख्या ताब्यात ठेवतात. मोठी मादी उचलली, की तळ्यात छोट्या पाइकांची गर्दी होते. मोठा मासा खायला बराही लागत नाही. दुफाटे काटे जागोजागी असतात.

वजन, फोटो आणि सोडणं

१९९२ मध्ये वेल्समधल्या लॅनडेगवेद जलाशयात ४६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे २१ किलोंहून जड पाइक लागला होता. अशा आकड्यांमुळे प्रत्येकाला वजन करायचं असतं. करा, पण ओल्या वजनझोळीत. वजनकाट्याला जबड्याने टांगलेला मोठा मासा आतून दुखावतो. फोटोसाठी उभं राहू नका, मॅटवर गुडघ्यांवर बसून, पोटाखाली हात देऊन धरा. कॅमेरा मासा पाण्याबाहेर काढण्याआधीच तयार हवा.

सोडताना माशाला पाण्यात सरळ, पोट खाली ठेवून धरा. ढकलू नका, पुढेमागे हलवू नका. तो शेपटी मारून स्वतः निघेपर्यंत थांबा, मग काही मिनिटं त्याच जागी नजर ठेवा. कुशीवर कलंडलेला दिसला, तर लँडिंग नेट त्याच्याखाली सरकवून पुन्हा आधार द्या.